थोरल्या दिरांच्या टँकरमागे

माझं अक्षर वाईट आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच राहिलं, फक्त हात मोठा झाला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. वेलांटी कुठली द्यायची ते मी अंदाजानं ठरवते. हे कागद कुणाच्या हाती पडले तर त्याबद्दल माफ करा. बोलून सांगायला जमत नाही म्हणून लिहिते. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या मानेला घाम फुटतो. कागदासमोर तेवढं बरं वाटतं.

आम्ही मूळचे बीडकडचे. लग्नानंतर चिखलीला आलो, ते थोरल्या दिरांमुळे. ते आमच्या आधी येऊन काळेवाडीत राहिले होते. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते, अजून आहेत. माझ्या नवऱ्याला गाडी त्यांनीच शिकवली. नवऱ्याला मी इथंही ‘हे’च म्हणणार, दुसरं काही लिहायला हात होत नाही. पुढे यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि चिखलीतल्या बायकांना म्हाळुंग्याच्या एका कंपनीत ने-आण करायचं काम धरलं. त्या कंपनीत मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधतात. पहिली शिफ्ट सातची. सहा जणी गाडीत बसायच्या, महिन्याला पैसे द्यायच्या, त्यावर आमचं घर चालायचं.

दोन वर्षांपूर्वी यांच्या पायावर मोटरसायकल पडली. मांडीत सळई घालावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने पाय टेकवायचा नाही. बदली ड्रायव्हर ठेवला तर मिळेल ते त्याच्याच घशात जाणार. आणि बायकांनी एकदा दुसरी गाडी धरली की त्या परत येत नाहीत. हे खाटेवर पडून छताकडे बघत म्हणाले, “लायसन तर तुझ्याकडंबी आहे की.”

लायसन होतं. कुदळवाडीला भंगाराच्या गोदामांमागे तेव्हा मोकळी जागा होती. तिथं रविवारी हे मला हौसेनं शिकवायचे. गाडी सुरू करायची, चालवायची, थांबवायची, मागं घ्यायची, सगळं मला यायचं. पण त्या मैदानात माझ्यापुढं कधी कुणी नव्हतं. तेवढंच शिकायचं राहून गेलं.

रस्त्यावर माझ्यापुढं कायम कुणीतरी असायचं. सायकलवाला असला तरी मी त्याच्या मागं राहायची. हॉर्न वाजवायला मला लाज वाटायची. आमच्या माहेरी बाईमाणसानं मोठ्यानं हाक मारलेली चालत नसे. बाहेरच्या खोलीत पुरुष बसले असतील आणि काही सांगायचं असेल, तर दाराआड उभं राहून बांगड्या वाजवायच्या. मग कुणीतरी उठून यायचं. हॉर्न दाबायचा म्हणजे मला भर चौकात कुणाच्या अंगावर ओरडल्यासारखं वाटायचं. अंगठा हॉर्नवर ठेवून मी कित्येकदा तसाच उचलला आहे.

मधला आरसाही मी पहिल्याच दिवशी छताकडे फिरवून टाकला. त्यात मागच्या बायकांचे चेहरे दिसायचे, आणि त्यांना माझा. एवढ्या जणी मागून आपल्याकडे बघताहेत म्हटलं की गियर चुकायचा. छत दिसलेलं बरं.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे.

चिखलीहून तळवडे, तिथून इंद्रायणीचा पूल, मग म्हाळुंगे, असा आमचा रस्ता. पुलापलीकडे तो अरुंद आहे. मधे दुभाजक नाही, आणि कंटेनर दोन्ही बाजूंनी चालूच. थोरल्या दिरांचा टँकरही सकाळची पहिली खेप घेऊन त्याच रस्त्यानं जायचा. तळवड्याचा चौक ओलांडला की रस्त्यावर पाण्याची ओली रेघ दिसायची. टँकरचा मागचा नळ गळका होता. ती रेघ दिसली की मला कळायचं, रेघेच्या शेवटी दीर असणार.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, त्यांना ओलांडून पुढं जायचं नाही. बोलायचं तर कुणाच्या तरी मार्फत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ते माझ्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते, मीही नाही. ते दारात चपला घालत असले तर मी आत थांबायची, ते खाली उतरून गेले की मग निघायची. आता तेच रस्त्यात माझ्यापुढं होते, तर मी काय करणार? मी मागंच राहिले. त्यातून गाडी चालवताना मी ड्रेस घालायची. साडीचा काठ पायात अडकतो म्हणून यांनीच आणून दिला होता. ड्रेसमध्ये दिरांनी मला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहावं असं मला वाटत नव्हतं.

म्हणून टँकर दिसला की मी त्याच्या अगदी मागं जाऊन चालायची. मागच्या पत्र्यावर ‘पिण्याचे पाणी’ लिहिलेलं होतं. ती अक्षरं मला इतकी पाठ झाली की आत्ताही डोळे मिटून काढता येतील. वारा आला की काचेवर पाणी उडायचं, मी वायपर लावायची. मला वाटायचं, आपण मान राखून चाललोय.

बायकांना उशीर व्हायला लागला. सातनंतर गेटवर गेलं की लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे आणि हजेरीचा बोनस जायचा. आमच्या गाडीत एक चष्मेवाली पोरगी होती, नवीनच लागलेली, अजून पर्मनंट नव्हती. तिच्यासाठी लेट मार्क म्हणजे नोकरीच. ती काही म्हणायची नाही, नुसती मोबाइलवर वेळ बघायची आणि मोबाइल ओढणीखाली लपवायची. ते लपवणं मला जास्त लागायचं.

बोलायची ती काकी. माझ्या शेजारी पुढं बसायची. मूळ चिखली गावची, जमिनी विकल्या गेलेल्या घरातली, नवरा वारलेला. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

“अगं ए बाय, त्या टँकरला काय ववाळायचं हाय का? काढ की पुढं!”

मी म्हणायची, “समोरून येतंय काकी.”

“काय येतंय? म्हातारा येतोय सायकलीवर. त्याला वाट द्यायला काय रस्ता लागतोय?”

मागून हसू यायचं. टँकर चालवतात ते माझे थोरले दीर आहेत, एवढं वाक्य मला बोलता आलं नाही. ते वाक्य मी बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला अजून वाटतं.

एका शनिवारी संध्याकाळी उतरताना काकी खिडकीशी उभी राहिली. “हे बघ, तुझा नवरा माझ्या पोरासारखा हाय म्हणून सांगती. सगळ्यांनी दुसरी गाडी बघितलीय. सोमवारी वेळंवर न्हाई पोचलो, तर मंगळवारपासून आमचं आमी. तू बी सुटशील आन् आमी बी.”

घरी मी यांना सांगितलं नाही. भाकरी थापताना नुसती रडले. यांना वाटलं कांदा आहे.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. पण चौकातच कोंडी होती. सुटेपर्यंत जवळचा वेळ सगळा गेला. पूल ओलांडला आणि पुढं ओली रेघ.

मी मागं जाऊन चिकटले. सवयीनं. चष्मेवाली मोबाइल बघत होती, मला न बघताही कळत होतं. त्या महिन्यातला तिचा तिसरा लेट मार्क होणार होता.

काकी त्या दिवशी ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “रस्ता मोकळा हाय. मी बघती ना. काढ.”

मी काढली.

आमची व्हॅन गॅसवर चालते. गॅस स्वस्त पडतो, पण गाडीला ओढ कमी. त्यात सहा जणी बसलेल्या आणि मागं सिलिंडर. हे मला मैदानात सांगायचे, “ही म्हैस आहे. हाक मारल्याबरोबर उठत नाही. आधी अंग हलवते, मग पाय, मग उठते.” तेव्हा मी हसले होते. त्या दिवशी मी चौथ्या गियरमध्येच उजवीकडे घेतली आणि पाय दाबला. आवाज वाढला, गाडी वाढेना. मग हळूहळू सरकायला लागली. टँकरचं मागचं चाक माझ्या खिडकीच्या उंचीचं होतं. ते मागं गेलं. मग टाकी, लांबच्या लांब. मग पुढं दाराची कड आणि खिडकीतून बाहेर आलेलं दिरांचं कोपर. चौकड्याचा शर्ट होता, दिवाळीत घेतलेला.

ते कोपर दिसलं आणि माझा डावा हात आपोआप वर गेला. गियरवर जायला हवा होता तो हात ओढणी धरायला गेला. मी ओढणी डोक्यावरून ओढून डाव्या गालापर्यंत घेतली, जशी घरात घेते तशी. आणि तेवढ्यात पायही सैल झाला. त्यांच्यासमोरून धाडकन कसं जायचं म्हणून असेल. मी मुद्दाम केलं नाही. अंगाला लागलेलं वळण.

गाडी मंदावली. टँकर आणि आम्ही बरोबरीनं चालायला लागलो, जसे काही एका जागी बोलत उभे आहोत. मागं जायला होईना, पुढं जायला होईना. आणि वळणावरून एका कंपनीची पांढरी बस समोर आली. तिनं दिवे मारले.

काकी ओरडली, “दाब गं! दाब!”

मी दाबलं. म्हैस तिच्या वेळेनं उठली असती. पण टँकरच एकदम मागं सरकल्यासारखा झाला. दिरांनी ब्रेक मारला होता. मी डावीकडे शिरले. बस आमच्या बाजूनं वाऱ्यासारखी गेली. मधला आरसा छताकडे होता, त्यामुळे मागं काय झालं ते मला दिसलं नाही. ऐकू आलं. घरातली सगळी मडकी कुणी एकदम खाली टाकावीत तसा आवाज.

“गेला! कुंड्यांत घुसला गं!” काकी मागं वळून बघत होती.

रस्त्याकडेला एक माणूस मातीच्या कुंड्या विकायचा. ताडपत्रीखाली ढीग लावलेला असायचा. त्यात टँकर शिरला होता.

“ताई, थांबवा. थांबवा ना,” चष्मेवाली म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. जिची नोकरी जाणार होती तीच थांबवा म्हणत होती.

मी थांबले नाही.

हे लिहून हात थांबला होता. पाणी पिऊन आले. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर खाली उतरावं लागलं असतं. ड्रेसमध्ये, उघड्या रस्त्यावर, दिरांसमोर. मला खरंच तेवढंच सुचलं. ते जिवंत आहेत का, हे त्याच्यानंतर सुचलं.

आम्ही वेळेत पोचलो. एकेक करून सगळ्या उतरून गेटकडे गेल्या. काकी शेवटी उतरली. दार धरून म्हणाली, “माणूस हाय का गेला, तेवढं तरी बघायचं व्हतंस.”

मी म्हणाले, “ते माझे थोरले दीर आहेत.”

काकी माझ्याकडे बघत राहिली. “मग तर आणखीनच,” ती म्हणाली आणि गेली.

त्या रस्त्यानं परत जायची माझी हिंमत झाली नाही. चाकणच्या चौकातून, मोशीवरून, लांबच्या रस्त्यानं घरी आले. घरात हे फोन कानाला लावून बसले होते. आक्काचा फोन होता, माझ्या थोरल्या जावेचा. दीर बरे होते. कपाळाला खरचटलं होतं. मी दारातच बसले आणि सगळं सांगितलं, ओल्या रेघेपासून. यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “संध्याकाळी काळेवाडीला जाऊ.” मला वाटलं होतं ओरडतील.

संध्याकाळी यांना कुबडीवर घेऊन रिक्षानं गेलो. मी साडी नेसले होते. दिरांच्या दोन खोल्या आहेत. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते, कपाळाला पट्टी. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर घेऊन उभी राहिले. आक्का मधे, जमिनीवर लसूण सोलत.

“तिला इचार,” दीर आक्काला म्हणाले, “गाडीत कुणाला लागलं का.”

आक्का माझ्याकडे वळली. “लागलं का गं कुणाला?”

मी मान हलवली.

“न्हाई म्हणायली.”

“तिला इचार, हॉर्न का दिला न्हाई?”

“हॉर्न का दिला न्हाईस?”

मी पदर आणखी पुढं ओढला. हेच म्हणाले, “दादा, ती तुझ्या पुढं जायला लाजते. महिना झाला, रोज तुझ्या मागंच असते.”

“कुणाच्या मागं?”

“तुझ्या. टँकरच्या.”

दीर खाटेवर सरसावून बसले. “माझ्या मागं? रोज? मला तर एकदाबी दिसली न्हाई.”

मग आक्काच्या हातातला लसूण खाली पडला. ती हसायला लागली ती थांबेना. “अवो, महिनाभर ही तुमच्या टँकरच्या ढुंगणाच्या पाया पडली, अन् तुमाला पत्ता न्हाई! अगं, देवाला तरी कळतंय कोण आलंय ते!”

हेही हसले. मी पदरात तोंड घातलं.

दीर हसले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, “तिला सांग, टँकरच्या मागं एवढं चिकटल्यावर मला गाडी दिसत नसती. माझा बाजूचा आरसा तिला दिसत नसंल, तर ती मला दिसत न्हाई. असं समजायचं.”

मी तिथं उभ्या उभ्या विझल्यासारखी झाले. बायकांचे लेट मार्क, कापलेले अर्धे दिवस, त्या पोरीचं मोबाइल लपवणं, सगळं मी मान राखायच्या नावावर केलं होतं. आणि ज्यांचा मान राखला त्यांना मी मागं आहे हे माहीतच नव्हतं. त्यांनी मला पाहिलं ते थेट बाजूला आल्यावर, डोक्यावर ओढणी घेताना.

टँकर अर्धा भरलेला होता, हेही तेव्हाच कळलं. निम्मं पाणी त्यांनी आधी एका बांधकामावर उतरवलं होतं. दीर यांना सांगत होते, मी ऐकत होते. टाकी पूर्ण भरलेली असली की पाणी गप बसतं. अर्धी असली की ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला येते आणि मागून पाणी येऊन ढकलतं. “मला ठावं व्हतं ढकलंल म्हणून,” ते म्हणाले. “म्हणून तर डावीकडं घेतली. नाहीतर हिच्या गाडीवर गेलो असतो.”

टँकरच्या शेठनं बंपर आणि दिव्यांचे पैसे दिरांच्या पगारातून कापायचं ठरवलं होतं. कुंड्यावाल्याला दिरांनी जागेवरच शब्द दिला होता. सगळं मिळून आमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढं होत होतं.

मी आक्काला म्हणाले, “पैसे मी देणार.”

“तिला सांग, गप बस.”

“गप बस म्हणायलेत.”

“आक्का, मीच देणार. थोडे थोडे देईन.”

दिरांनी कपाळाची पट्टी दाबून बघितली. मग म्हणाले, “तिला सांग, आधी गाडी शीक.”

रविवारी ते स्वतः चिखलीला आले. यांना पायामुळे येता येत नव्हतं, आणि दिरांनी माझ्या शेजारी बसायचं हे तर शक्यच नव्हतं. म्हणून आक्का शेजारी बसली आणि दीर मागच्या सीटवर. त्याच रस्त्याला लागलो. सुट्टीमुळे गर्दी कमी होती.

“तिला सांग, आधी मागं राहायचं. दोन म्हशी आडव्या मावतील एवढं. मागं राहिलं तर पुढचं दिसतं.”

“दोन म्हशी मावतील एवढं मागं राहा.”

“ऐकू येतंय आक्का.”

“मला सांगायला सांगितलंय, मी सांगणार.”

पुढं विटांचा ट्रॅक्टर होता. “तिला सांग, गियर उतरीव.”

“कशाचा गियर? मी काय उतरवू?”

“तू न्हाई, ती!”

तोवर समोरून टेम्पो आला. पुन्हा मागं राहिलो. दुसऱ्यांदाही तसंच. दिरांनी सांगायचं, आक्कानं ते माझ्याकडे पोचवायचं, आणि तेवढ्यात मोकळा रस्ता संपलेला असायचा. आक्काला मजा वाटायला लागली होती. माझा मात्र जीव अर्धा झाला होता.

मग एक लांबलचक कंटेनर लागला. समोर दूरपर्यंत रिकामं होतं. मी अंगठा हॉर्नवर ठेवला आणि दाबला. केवढा मोठा आवाज वाटला मला! उजवीकडे घेतली. पाय दाबला, पण चौथ्यातच होते. गाडी आवाज करत नुसती लोंबकळली. परत तेच होणार असं वाटलं, डावा हात सुटला आणि गालाकडे निघाला.

“तिसरा टाक!” मागून आवाज आला. “वढणी सोड, तिसरा टाक! पाय काढू नको!”

मी टाकला. गाडीनं पाठीत धक्का दिला आणि निघाली. तीच गाडी, तेच वजन. कंटेनर मागं जायला लागला.

“आता लगीच शिरू नको. मधल्या आरशात बघ. त्याचं सगळं तोंड दिसलं की मगच आत ये.”

मी आरशात बघितलं. आरशात छत होतं.

दीर मागून पुढं झुकले. हात लांब करून त्यांनी आरसा खाली फिरवला. आधी कंटेनरचा पत्रा दिसला, मग दिवे, मग पूर्ण तोंड. मी डावीकडे आले. मग आरशात त्यांचे डोळे दिसले आणि त्यांना माझे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोघांनीही नजर काढून घेतली.

“रस्त्याकडं बघ,” ते म्हणाले.

आक्का गप्प होती. तिच्याही लक्षात आलं होतं की ‘तिला सांग’ म्हणायचं राहून गेलं. मला इतकी लाज वाटत होती की कान तापले होते, पण हात गियरवर होता. परत येताना पुन्हा ‘तिला सांग’ सुरू झालं. “तिला सांग, सहा बाया बसल्यावर गाडी याहून उशिरा उचलंल. तेवढा रस्ता जास्त मोकळा बघायचा. नसंल तर मागं राहायचं. त्यात लाज न्हाई.”

त्याआधी, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी कुणी येणार नाही असं मी धरून चालले होते, पण काकी नेहमीच्या जागी उभी होती. “दुसरी गाडी म्हागात पडती,” एवढंच म्हणाली. आरसा आता सरळ असतो. चष्मेवाली त्यात दिसते. एकदा ती माझ्याकडे बघून हसली, मी खाली बघितलं. नंतर ती पर्मनंट झाली, पेढे आणले होते. माझ्या हातात तिनं दोन ठेवले. मी एक परत दिला. दोन घ्यायचं तोंड नव्हतं.

ओढणी मी आता घरूनच डोक्याला घट्ट बांधून निघते, कानामागून, गाठ मारून. म्हणजे रस्त्यात हात वर जायचं कारण राहत नाही. डोकं झाकलेलंही राहतं. ओली रेघ दिसली की अंतर ठेवते, रस्ता बघते, हॉर्न देते, तिसरा टाकते. टँकरच्या खिडकीतून चौकड्याचा हात बाहेर येतो आणि पुढं जा म्हणून हलतो. मी बाजूनं जाताना तिकडे बघत नाही. कुंड्यावाल्याच्या जागेवरून जातानाही बघत नाही. त्यानं नवीन ढीग लावला आहे, तरीही.

यांचा पाय सुधारला, पण दिवसभर क्लच दाबणं जमेना. यांनी जवळच्या एका दुकानात काम धरलं आणि गाडी माझ्याकडेच राहिली. पैसे मी महिन्याच्या महिन्याला आक्काकडे द्यायची. आधी कुंड्यावाल्याचे फेडले, मग शेठचे. आक्का पैसे कमरेला लावायची आणि म्हणायची, “तुझं देणं फिटलं की मला करमायचं न्हाई बघ.”

शेवटचा हप्ता द्यायच्या वेळी आक्का भाचीच्या लग्नाला गावी गेलेली. हे म्हणाले, येऊ दे तिला, मग दे. पण ते पैसे घरात असले की मला जेवण गोड लागेना.

बायकांना सोडून परत येताना मी तळवड्याला, जिथं टँकर भरतात तिथं गाडी वळवली. चार-पाच टँकर रांगेत होते. ड्रायव्हर माणसं गप्पा मारत उभी होती. दिरांचा टँकर नळाखाली होता आणि ते पलीकडे पाइप धरून. मी उतरले. ड्रेसमध्ये. सगळे बघायला लागले. मी टँकरच्या कोपऱ्याशी गेले आणि सवयीनं हात हलवून बांगड्या वाजवल्या. पाण्याची मोटर इतक्या मोठ्यानं चालू होती की मलाच त्या ऐकू आल्या नाहीत.

थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग व्हॅनपाशी परत आले, खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दिला.

दिरांनी मान वर केली. पाइप दुसऱ्याच्या हाती देऊन, हात पुसत आले आणि जरा लांबच थांबले. मी पैसे पुढं केले. त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं, मधे कुणी आहे का म्हणून. कुणी नव्हतं.

“मोजून घ्या, दादा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी अंगठा ओला केला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, एकेक नोट मोजली. मी जमिनीकडे बघत होते. तिथं पाण्याची रेघ वाहत होती.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “सगळे फिटले.”

त्यांनी नोटा वरच्या खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावलं.